रकाना चौदा

सावली तालुक्यात, महीच्या काठाकाठाने,
चारशे बारा घरं झाली होती
आणि माझा हात आता न विचारता लिहायचा:
पहिल्याचा जन्म, दुसरीचा जन्म,
रकाना चौदा: मधलं अंतर, महिन्यांत.
तेहतिसाच्या आत आलं तर लाल टिंब.
पुढे गेलं तर काही नाही.
काही नाही म्हणजे उत्तम.

कैलासबेन पढियारचे एकेचाळीस आले.
मी म्हटलं, सरस!
ती तंबाखूची पानं ओवत बसली होती,
दोरा दातांत धरूनच म्हणाली,
वच्चे एक हतो.
मध्ये एक होता.
रडला नाही, म्हणून कुणी मोजला नाही.

मी फॉर्म उलटा केला, सुलटा केला.
जिवंत जन्म, एवढंच छापलेलं.
समासात पेन्सिलीने एक रेघ ओढली,
इतकी फिकी की स्कॅनरला दिसू नये
आणि मला दिसावी.

विभागात, सयाजीगंजला, मी पोरांना शिकवते:
पंच्याण्णव टक्के विश्वास म्हणजे
उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये बसलंय, असं नव्हे रे.
शंभरदा जाळं टाकलंत तर पंच्याण्णवदा मासा येईल.
हातातलं जाळं त्यातलं कुठलं,
ते जाळ्याला ठाऊक नसतं.
पोरं माना हलवतात
आणि पेपरात चुकीचंच लिहितात.
मी गुण कापते.
पण मलाही कळतं, माणसाला मध्ये
कुणीतरी बसलेलं हवं असतं.

घरी जाताना पुलावरून विश्वामित्री बघते.
पाणी, नुसतं पाणी.
मगरी मोजणारे रात्री येतात, विजेऱ्या घेऊन,
डोळे चमकले की एक धरतात.
डोळे मिटून पडलेली
अंदाजात जाते.

बाबा रावपुऱ्यात तानपुऱ्यांच्या जवाऱ्या काढायचे.
घोडीवर कानस, मग तारेखाली दोरा,
मग कान लावून नुसतं बसणं.
संगीत कॉलेजच्या मुली पेटी घेऊन यायच्या,
काका, ह्याच्याशी मिळवून द्या ना.
ते आधी पेटी बंद करायला लावायचे.
दोन पट्ट्यांच्या मध्ये बोट शिरत नाही
म्हणून तिथे कुणी राहत नाही होय?
हे ते चिडून म्हणायचे, दुकानात.
घरी फारसे बोलत नसत.

दादा आणि मी: सात वर्षं, दोन महिने.
शहाऐंशी.
माझ्या प्रबंधात हे वेगळ्या गटात पडतं.
साठाच्या वर, कारणं अज्ञात.
एकोणीस वर्षं मी ही वजाबाकी
दुसऱ्यांच्या ओसरीवर बसून करत आले.

रविवारी दांडिया बाजारात आई मटार सोलत होती.
मी विचारलं. खेड्यात विचारते तसंच,
आवाज न बदलता, नजर कागदावर.
तसं प्रशिक्षण असतं.
कागद मात्र नव्हता, वर्तमानपत्र होतं, त्यावर टरफलं.
आईने एक शेंग सोलली. दुसरी सोलली.
म्हणाली, त्या साली तुझ्या बाबांनी
पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत
एकाही तानपुऱ्याची गवसणी उतरवली नाही.
गिऱ्हाईकं दारातून परत गेली.
मग म्हणाली, पण मला अंतर दिलं नाही हो त्यांनी.
मग म्हणाली, पाणी उकळलं का बघ.

पाणी कधीचं उकळत होतं.

काल अहवाल गेला.
कैलासबेन उत्तम गटात आहे, तक्ता सहा,
तिची रेघ स्कॅनरने खरंच पाहिली नाही.
मूळ फॉर्म माझ्या कपाटात आहे.
रकाना चौदात ४१, माझ्याच अक्षरात.
चार आणि एकच्या मध्ये
थोडी जास्तच जागा सुटली आहे.
शाळेपासूनची खोड.
बाई ओरडायच्या, आकडे जवळ काढ.