धापूबाई, बाजू दुसरी

चौथीही मुलगीच झाली तेव्हा
बापानं नाव ठेवलं धापू.
माळवीत धापणं म्हणजे पोट भरणं,
पुरे होणं.
देवाला कळावं म्हणून.
देव कानानं जरा अधू, ती म्हणाली,
पाचवी माझी धाकटी.

जेल रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर
आमचा स्टुडिओ. भिंतींना अंड्यांचे ट्रे,
पंखा बंद, कारण पंखाही गातो.
जिन्यातच चपला काढून ती वर आली,
मागे नवरा अंबाराम,
ढोलक पोत्यात गुंडाळून.

मी रामबागेतला. आमच्या घरी गाणं म्हणजे
गवसणीतला तंबोरा
आणि समेवर नेमक्या हललेल्या माना.
मी विचारलं, बाई, पट्टी कुठली?
तिनं अंबारामकडे पाहिलं.
तो म्हणाला, शेजारच्या गावाला ऐकू जाते, ती.

बांगड्या काढा, म्हटलं, माइकमध्ये वाजतात.
नवरा समोर जिवंत बसलेला असताना?
मग तिनं रुमालानं मनगटं बांधून घेतली
चोरासारखी,
आणि गायली.

दिवसभर लसूण सोलून आली होती.
पुढे महिनाभर माइकच्या स्पंजाला तोच वास,
भजनवाले शास्त्रीबुवा
तोंड वळवून गायले.

आठ गाणी. तीनशे रुपये,
खालच्या दुकानातली एक साडी,
कागदावर अंगठा.
कव्हरवर कुठल्याशा मॉडेलचा फोटो,
घागरा, कमरेवर मडकं.
हिचं नाव मागच्या बाजूला, मुंगीएवढं,
तेही धनूबाई.
प्रूफ मी वाचलं होतं.

पण आवाजाला नाव कोण विचारतो.
सांवेर, हातोद, गौतमपुरा,
ट्रॅक्टरवर, पिठाच्या गिरणीत,
हळदीच्या मांडवात ती वाजत राहिली.
मग बोलावणी आली. जत्रा,
नगरसेवकाच्या मुलाचं लग्न,
एकदा भोपाळ, सरकारी शाल, तिला कसर लागली.
पहाटेचे तीन, घसा बसलेला,
तरी खालून ओरडत
और एक, बाई, और एक.
पुरे हे जिचं नाव
तिला पुरे म्हणालं नाही कोणी.

एका दुपारी ती आमच्याच काउंटरवर.
माझीवाली आहे का?
लेकीला पाठवायचीय, रतलामला.
पोऱ्यानं विचारलं, कोणाची?
ती थांबली. मग म्हणाली,
ती, मडकंवाली.
बावीस रुपये. कनवटीचे सोडून मोजून दिले.
मी काचेआडून पाहत होतो,
गळ्यात हेडफोन, तोंडात पान.
थुंकायलाही उठलो नाही.

आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
अंबाराम गेला. ढोलकावर म्हणे
संध्याकाळी कोंबड्या बसतात.
तिचं काय, विचारलं एकाला,
तो म्हणाला, आहे की, लसूण सोलते.

परवा पलासियाला वरातीत अडकलो.
डीजेच्या गाडीवर तिचंच गाणं,
खाली धडधड बसवलेली,
आवाज चढवून पोरीसारखा पातळ केलेला.
स्क्रीनवर कुणा तिसऱ्याचंच नाव.
मी स्कूटर बंद केली,
तिसऱ्या कडव्याची वाट पाहत.

त्या दिवशी तिथे
रुमालाची गाठ सैल झाली होती,
एक बांगडी वाजली होती.
मी म्हटलं होतं, परत घेऊ.
तिनं हात सोडवले,
मनगटं चोळली,
नाही रे भाई. धाप गई.

आणि आली ती जागा.
एवढ्या धडधडीत,
काचेची, बारीक.
पुढे कोणीतरी नोटा उधळत होतं,
मागचा रिक्षावाला हॉर्न दाबून
माझ्या सात पिढ्यांचं नाव घेत होता.