कर्णनाद

बॉस्टन म्हटलं की मिरजेची माणसं अमेरिका समजतात.
हे ते नव्हे. हे लिंकनशायरमधलं,
कोबीच्या शेतांत बुडालेलं, चर्चच्या एका उंच मनोऱ्याचं.
माझी खोली सात फूट बाय सात, भिंतींना स्पंज,
दार लावलं की गाव बंद.

मिस्टर मॉल्टबी आत बसलेत, कानांवर हेडफोन.
"आवाज आला की बटण दाबा,
कितीही बारीक असला तरी."
जाड आवाजांना ते झटपट दाबतात:
मोटार, ढोल, पुरुष.
पुढे आलेख घाट उतरतो.
स, फ, श गेले,
चिमण्या गेल्या,
बायकांचं बोलणं अर्ध्याच्या वर दरीत.

बाहेर मिसेस मॉल्टबी माझी बाही ओढतात.
"कानाचं सोडा हो. जूनपासून तो माझं ऐकतच नाही."
आत्ता तर मार्च चाललाय.
"कुठल्या जूनपासून?"
"त्या जूनपासून," त्या म्हणतात,
जशी एखादी म्हणते, तो गेला त्या साली.

दोघं एकाच छत्रीतून गेली होती मेथडिस्ट हॉलात.
दोरीला बांधलेली पेन्सिल एकच,
आधी त्यांनी उचलली, मग हिनं.
घरी येऊन चहा झाला, सकाळी निकाल.
आता मुलगी लीड्सहून नाताळला येते,
टेबलावर ग्रेव्ही फिरते,
बटाटे फिरतात,
तो विषय आला की ते कानातलं यंत्र काढून
मिठाच्या भांड्याशेजारी ठेवतात.

रिसेप्शनवर तेव्हा दाइवा होती, लिथुएनियाची.
माझा चिवडा वहीच्या कागदावर घेऊन खायची,
शेंगदाणे शेवटी.
निकालाच्या दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं
अपॉइंटमेंटचं कार्ड घेता घेता विचारलं,
अगदी प्रेमानं,
"मग, सामान कधी बांधतेस?"
तिनं पुढची तारीख लिहून दिली.
सुंदर अक्षर होतं तिचं.
फेब्रुवारीत गेली. व्हॅनमध्ये दोन मुलं, मांजर, इस्त्रीचं टेबल.
मग राहिला. कुणीच त्यातून पीत नाही,
कुणीच टाकत नाही.

मॉल्टबी मला म्हणाले होते,
"तुमच्याबद्दल नव्हतं हो ते. तुम्ही आमच्यातल्या."
आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं होतं.

आता कुणाला सांगू?
भाच्याचा व्हिसा दोनदा नाकारला होता,
कागद पुरे, पैसे भरलेले, तरी.
आणि दाइवाचा भाऊ एका बसमध्ये बसला
आणि सोमवारी कामावर हजर.
कानामागून आली नि तिखट झाली,
मी मनात म्हटलं.
मराठीत म्हटलं, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको.
आणि ती पेन्सिल उचलली.

भाचा कॅनडात गेला. मला फोन करत नाही फारसा.

परवा मॉल्टबी परत आले, एकटे.
नवं यंत्र फारच चांगलं चालतंय, तक्रार तीच.
फ्रिज ऐकू येतो. घड्याळ.
रात्री न्हाणीघरात नळ सोडलेला,
आणि नळाच्या मागे ब्रेंडा.
"हे बंद करता येईल का?"
मी विचारलं, "नळ?"
ते बराच वेळ टोपीची कड फिरवत बसले.

काहींना बाहेर काही नसताना आत वाजत राहतं.
त्यावर औषध नाही. मी पेशंटना सांगते,
पंखा लावून झोपा, सवय होते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी त्या खोलीत जाऊन बसते, दार लावून,
हेडफोन चढवते, यंत्र बंदच.
स्पंज. माझा श्वास.
मग अगदी बारीक, कागदावर
पेन्सिलीच्या दोन रेघा, एकीवर एक.

मी बटण दाबते.