माल संपेपर्यंत

घणसोली गावठाणाच्या तळ्यात पाणी दिसत नव्हतं.
दिसायची हिरवी चटई, तिच्यावरून चालणारे बगळे,
आणि जांभळी फुलं, इतकी देखणी
की सेक्टरमधली जोडपी शनिवारी येऊन
लग्नाआधीचे फोटो काढायची.

मी वही घेऊन गेलो होतो. वहीत एक स्टूल,
मागच्या पानावर खर्च, आणि एक वाक्य
ज्याची आता लाज वाटते:
'तळ्याचं दुःख, तुमच्या दिवाणखान्यात.'

फशीबाई मढवींनी वही उलटी धरून पाहिली.
"पयला सुकव," म्हणाल्या, "मंग बोल."

दहा किलो ओली जलपर्णी
आठ दिवस उन्हात टाकली
की उरते अर्धा किलो.
बाकी सगळं पाणीच;
पाण्यानंच पाण्यावर घातलेला मांडव.

मुळं कापून वेगळ्या पोत्यात, हातमोजे घालून.
एमआयडीसीच्या नाल्याचं जे कुणी पचवलं नाही
ते त्यांनी पचवलंय;
त्यांच्या खतावर दुधी लावू नका, असं
प्रयोगशाळेतल्या श्रुतकीर्तीनं फोनवर तीनदा बजावलं.
देठ मिठाच्या पाण्यात, नाहीतर बुरशी.
मग चपटे करायचे, मग तीन पेडांची वेणी.
माझ्या हातात ती उंदराची शेपटी व्हायची,
फशीबाईंच्या हातात होडी बांधायचा दोर.

सांगाडा सुबाभळीचा.
तीही पाहुणीच. पारसिकच्या उतारावर
कुणीतरी चांगल्या मनानं पेरलेली,
आता दुसऱ्या कुणाला उगवू न देणारी.
चौकट रियाज अन्सारी जोडतो, मूळचा मऊचा.

एक साहेब बघायला आले होते.
म्हणाले, "बाहेरून आलेल्यांचं असंच करायला हवं,
उपटायचं आणि कामाला लावायचं."
आणि स्वतःच हसले.
रियाजची हातोडी एक ठोका चुकली, फक्त एक.
फशीबाईंनी वेणीवरून मान वर केली नाही.
"माझा भात तुमचे पार्किंगखाली हाय," म्हणाल्या.
"उपटाचा तं कुठशी सुरू कराचा, सांग."

तेव्हापासून कार्यशाळेत नियम आहे:
झाडाबद्दलचं बोलणं झाडापाशीच थांबवायचं.

मग वाशीच्या हॉटेलची ऑर्डर आली.
सहाशे नग, एकच रंग, दर तिमाहीला तितकेच.
आम्ही पेढे वाटले. फुलं यायच्या आत, बी पडायच्या आत
रोज पहाटे चार माणसं कमरेइतक्या पाण्यात.
तिसऱ्या महिन्यात मध्यभागी
ताटाएवढं आभाळ उघडलं. मग परातीएवढं.
लोक पुलावर थांबून बघू लागले.

माझ्या पोटात गोळा आला.
त्या रात्री मी फोनवर शोधत बसलो:
जलपर्णी टाकीत कशी वाढवावी.
हे मी कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही.

सकाळी भीत भीत विचारलं, "थोडी राखून ठेवू या का,
पलीकडच्या कोपऱ्यात?"
फशीबाईंनी उत्तर दिलं नाही.
घाटाच्या पायऱ्या उतरत गेल्या,
सातव्यावर थांबल्या, पायानं चाचपलं.
आठवी होती. शेवाळलेली, काठ फुटलेली,
तिच्यावर कपडे आपटून पडलेला खळगा.
तिथं बसल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं.
मी शेजारी स्टूल ठेवला.
"नको," म्हणाल्या, "यो तुज्या हाटेलाला दे."

चारशे बारा नग गेले. उरलेल्यांचं मी हॉटेलला कळवलं:
माल संपला, माफी असावी, आनंद आहे.
'आनंद आहे' दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं.
उत्तर अजून यायचंय.

श्रुतकीर्ती सांगते, चिखलात बी पडून राहतं
वीस वर्षंसुद्धा.
"म्हणजे काम राहील," रियाज म्हणाला.
आणि लगेच, कुणी काही बोलायच्या आधी,
"नसलं तरी चालेल," असंही म्हणाला,
आणि सुबाभळीच्या पायाला रंधा मारू लागला.