एक तारा

भिवापूरच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानात
अर्धं टेबल माझं. भाडं सातशे.
लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर,
आणि कोणी वारलं तर
त्याच्या फोटोमागे निळं आभाळ टाकून देणे,
एवढंच माझं डिझाइन.

शेवंताबाई ठवरे आत आली
आणि दुकानातले सगळे शिंकले, तिच्याशिवाय.
पिशवीत तिखट. घरी वाळवलेलं, गिरणीत उभं राहून दळलेलं.
"पोट्टी म्हणते ऑनलाइन टाक. टाकून दे बाप्पा."
जसं काही विहिरीत टाकायचं होतं.

चोवीस वर्षं तिनं सातऱ्यावर डेठ तोडले,
किलोवर मजुरी, रात्री बोटं ताकात बुडवून बसायचं.
हे तिनं सांगितलं नाही. तिच्या पोरीकडून कळलं, नंतर.
तिनं फक्त रंग पाहिले.
मी लाल दाखवत गेलो, ती मान हलवत गेली.
"हा एसटीचा.
हा कुंकवाचा.
हा तं लिपस्टिक होय."
मग चिमूटभर काढून
माझ्या कीबोर्डवर, एंटरच्या बाजूला ठेवलं.
"हा."

त्या लालचा नंबर अजून भिंतीवर लिहिलेला आहे.
मोबाइल बदलला की लाल बदलतो,
हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

मग मी एक बाई लावली. इंटरनेटवरची, फुकटातली.
डोक्यावर पदर, दात पांढरेशुभ्र, हातात मिरच्यांचं सूप.
"कोन होय हे?"
मॉडेल आहे, काकू.
ती स्क्रीनजवळ वाकली.
"डेठं नाही काढले हिनं. डेठासकट दळते का?"

बाई काढली.
तिथं कोरी जागा उरली.
नागपूरच्या क्लासमधले सर म्हणायचे,
रिकामी जागासुद्धा डिझाइन असते.
शेवंताबाई म्हणाली, "येथं काहीतरी पायजे."

दीडशे रुपये दिले तिनं, आणि पाव किलो.

पेजला अकरा फॉलोअर.
त्यातले आठ तिच्या पोरीच्या वर्गातले,
एक मी, एक झेरॉक्सवाला,
अकराव्याचा पत्ता अजून लागला नाही.
दिवाळीच्या आधी पाच पाकिटं गेली,
दोन नाशिकला, एक हडपसरला, दोन कुठेतरी ठाण्याकडे.
कुरिअरचा पोरगा म्हणाला, उमरेडपर्यंत शिंकत गेलो.

आणि मग आला तो.
एक तारा.
पाचातला एकच पिवळा, बाकी चार राखेसारखे.
खाली लिहिलेलं:
फारच तिखट. मुलांनी जेवण सोडलं. पैसे परत करा.

मी तिला आठवडाभर दाखवलं नाही.
उत्तर लिहून ठेवलं होतं: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत,
पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट.
वाक्य तीनदा गुळगुळीत केलं.
मग ती आली, आणि वाचून दाखवावंच लागलं.

"पुन्हा वाच."
वाचलं.
"पुन्हा."
मुलांनी जेवण सोडलं, इथं ती हसायला लागली,
झेरॉक्सची मशीन धरून हसली, पदर तोंडात घेऊन.
"तिखट, तिखट हाय म्हणते.
मंग काय गूळ पायजे होता मायले?"

हसणं थांबल्यावर म्हणाली,
"पैसे देऊन टाक तिचे. लेकरं उपाशी राह्यले.
पन तिचं बोलनं ठेव."
कुठं ठेवू?
तिनं बोट टेकवलं स्क्रीनवर,
जिथून बाई काढली होती, बरोबर तिथं.

आता पाकिटावर तेच आहे,
मोठ्या अक्षरात, वर एकुलता एक तारा.
उमरेडच्या प्रेसनं लाल थोडा गुलाबी छापला
म्हणून पहिले दोनशे तिनं परत पाठवले.
किती खपतात, ते ती मला सांगत नाही.
तिखट मात्र पाव किलोचं अर्धा किलो झालंय.

त्या दिवशी संध्याकाळी,
स्क्रीनवरचा तिच्या बोटाचा ठसा मी अंगठ्यानं पुसला
आणि विसरून डोळा चोळला.
नळाखाली डोकं धरून बसलो किती वेळ.
झेरॉक्सवाला विचारत होता, काय झालं रे?
म्हटलं, काही नाही.
रंग बरोबर आलाय.