मकवालाबाईंची पेन्सिल

कुताइसीत, बेकरीच्या वरच्या खोलीत
बाई माझी पटकथा वाचत होत्या.
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

पान तीन. आई म्हणते,
"बारा वर्षं तुझी वाट पाहिली रे, ओतार."
बाईंनी आडवी रेघ मारली.
"हे तिच्या तोंडी नको.
तिचे हात कुठे आहेत?"

मला ठाऊक नव्हतं.

"आणि दारावरच्या टकटकीपासून कशाला सुरुवात?
चहा निम्मा निवलाय, तिथून घे.
रडू फुटायच्या आत ऊठ तिथून.
बघणारा येतो मागोमाग, त्याला बोट नको धरायला.
जा आता. घरी जाऊन बघ."

घरी आई अक्रोड फोडत होती.
फोन वाजला. पोलंडहून असणार;
भाऊ तिकडे ट्रक चालवतो.
तिनं आधी हात पुसले,
एकेक बोट, नखांच्या कडांसकट,
फोन वाजायचा थांबेपर्यंत.
मग पुढचा अक्रोड घेतला.

तेवढंच लिहून नेलं.
बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं.
खाली कुणीतरी भट्टीचं झाकण ओढलं.

शेवटी मी एक ओळ जोडली होती:
'तिला भीती वाटते.'

तेवढी त्यांनी खोडली.