किंचित वर

बोहरी आळीच्या मागे, दोरखंडवाल्याला लागून
गुलाब शिकलगारांचं फ्रेमचं दुकान.
दुकान कसलं, एक दार आणि एक टेबल;
तिसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्यानं बाहेर उभं राहायचं.
त्यांची वेबसाइट करायला घेतली मी, साडेतीन हजारांत,
खराडीची नोकरी सुटली त्या महिन्यात.

काम एवढंसं: पांढरं पान, त्यावर एक फोटो, बरोबर मधोमध.

डावी-उजवी बाजू लगेच ऐकते.
मार्जिन ऑटो लिहिलं, तर उरलेली जागा
दोन भावांत वाटावी तशी निमूट वाटली गेली.
(ऑटो म्हणजे काय, शिकलगारांनी विचारलं.
म्हटलं, रिक्षा नव्हे. हे बोलावलं की येतं.)

वर-खाली मात्र हटून बसलं.
फोटो पानाच्या डोक्याला चिकटलेला, पालीसारखा.
उंची शंभर टक्के, असं लिहिलं. ढिम्म.
पुन्हा लिहिलं, जोरात टाइप केलं तर ऐकेल म्हणून.
रात्री दीडला, धायरीच्या खोलीत, थंड पोह्यांवर झाकण ठेवताना
लक्षात आलं: शंभर टक्के, पण कशाचे?
बाहेरच्या चौकटीला उंची दिलेलीच नव्हती.
जी स्वतः आतल्यापुरतीच उभी आहे
तिच्या मधोमध कुणी कसं उभं राहणार?
नसलेल्याचे शंभर टक्के
मी तीन तास मागत होते.

चौकटीला म्हटलं, तू पडद्याएवढी हो.
झाली.
फोटो एका झटक्यात खाली आला आणि थांबला.
पिक्सेल मोजले. वर दोनशे बारा, खाली दोनशे बारा.
पोहे तसेच राहिले.

सकाळी दाखवायला नेलं.
शिकलगारांनी जवळचा चष्मा कपाळावर सारला,
लॅपटॉपपासून दोन पावलं मागे गेले,
म्हणजे थेट रस्त्यात; एक स्कूटरवाला काहीतरी बोलून गेला.
"खाली घसरलंय."
मी आकडे दाखवले.
"आकडे बरोबरच असणार. डोळ्याला कोण सांगणार?"
टेबलाखालून एक माउंट काढला, अर्धा कापलेला,
खालची पट्टी वरच्यापेक्षा बोटभर रुंद.
"अगदी मध्ये लावला ना, तर भिंतीवरचा माणूस
बुडत चालल्यासारखा वाटतो.
जरा वर घ्यायचा त्याला. लोकांना कळत नाही.
नुसतं बरं वाटतं."

मग त्यांना नाव दिसलं, वरचं, मोठ्या अक्षरांतलं.
शिकलगारमधल्या पहिल्या वेलांटीचा नुसता दांडा उरलेला.
ओळीची उंची मी तंतोतंत अक्षराएवढी दिलेली,
बाहेर जाईल ते झाका, असंही लिहिलेलं.
इंग्रजीच्या मापानं ओळ कापली
की मराठीचं आधी डोकं जातं.
"वेलांटी परत आणा," एवढंच म्हणाले.

आणि फोटो.
कारखान्याच्या फाटकासमोर अकरा माणसं, कृष्णधवल.
चौकट पुरती भरावी म्हणून मी तो ताणला होता,
उजवीकडचा शेवटचा खांद्यापासून गेलेला.
हा कोण, मी विचारलं.
"कुणास ठाऊक. फ्रेम करायला टाकला, न्यायला कुणी आलंच नाही.
एकवीस वर्षं झाली. म्हणून तर माझ्याकडं आहे.
पण त्याला कापू नका. फ्रेम वाढवा."

फ्रेम वाढवली.
फोनच्या पडद्यावर ते अकरा आता नखाएवढे होतात,
पण अकराच राहतात.
वेलांटीला डोक्यावर जागा दिली.
वर एकशे शहाण्णव, खाली दोनशे अठ्ठावीस.
मधोमधच आहे ना, त्यांच्या भाच्यानं विचारलं, पैसे देताना.
हो, म्हटलं.
शिकलगार पत्रावर काच कापत होते,
वर न बघता हसले असावेत.