येणे बाकी

लिनोलियमचा तिसरा थर निघाला
तेव्हा दुपारचे दोन वाजले होते
आणि माझे गुडघे माझ्याशी बोलेनासे झाले होते.

वर पिवळा, त्याखाली विटकरी,
त्याखाली हिरवा, काळ्या चौकटींचा.
लोरेटा स्टेपानचिकच्या स्वयंपाकघरात
एका बाईची हौस दुसरीच्या हौशीखाली गाडलेली.
सगळ्यांत तळाशी एकोणीसशे एकतीसचं वर्तमानपत्र:
खाणीतला संप, कोबीचा भाव,
एक हरवलेली गाय, खुणेसह.

आणि चुलीपाशी, जिथे फळ्या दबल्या होत्या,
तिथे खळगा भरायला
कुणीतरी माणसं अंथरली होती.

चौतीस माणसं. तळहाताहून लहान,
पालथी, एकावर एक,
कडांना डांबर.
पातं सरकवून वरचं उचललं, उलटवलं.
ढगळ लोकरी सदरा, बारकी टोपी,
मागे रंगवलेलं आभाळ,
आमच्या खोऱ्यात कधी नसतं इतकं निळं.
खाली संघाचं नाव: कॉर्बिन क्रीक.
म्हणजे आम्हीच.

आमचा संघ होता हे मला ठाऊक नव्हतं.
आता टायरचं दुकान आहे तिथे लाकडी पायऱ्या होत्या म्हणे,
आणि डावीकडचं कुंपण कोळशाच्या राखेला टेकलेलं.
चेंडू राखेत गेला की होम रन;
शोधून आणेल त्या पोराला पुढचा सामना फुकट.
लोरेटाला हे सासऱ्याने सांगितलं होतं.
कार्डं पावाबरोबर मिळायची.
एका पावाला एक माणूस.

शनिवारी वेंडेल उलेट आला,
तीन तास गाडी चालवून, भिंग घेऊन.
बारा जण डांबराने गेलेले, त्यांना त्याने बाजूला ठेवलं
जखमींना ठेवतात तसं, हळू.
मग एका कार्डापाशी त्याचा श्वास अडला.
ऑगी विटकस, थर्ड बेस.
अकरा सामने. पुढे नोंद नाही.
अशी दोनच कार्डं माहीत आहेत, तो म्हणाला,
एक ओहायोत तिजोरीत, एक अर्धं जळलेलं.
हे तिसरं.

मी विचारलं, चांगला खेळायचा?
नाही, वेंडेल म्हणाला. चांगला असता तर वरच्या लीगमध्ये गेला असता,
लाखांनी छापला गेला असता,
आणि आज कुणी त्याला हुंगलंही नसतं.

मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं:
विटकसकडे दोन डॉलर. ऑगस्ट.

आजेसासऱ्यांचं अक्षर, लोरेटा म्हणाली.
ते कुणाला काही विसरू देत नसत.
आजेसासूने मात्र सगळी उधारी
पायाखाली घातली, आणि वर बटाटे उकडत राहिली.

पेन्सिलीमुळे किंमत निम्मी, वेंडेल म्हणाला.
पण पावाच्या मऊ गराने हलकं घासलं तर निघून जातं.
लोरेटा बराच वेळ काही बोलली नाही.
फ्रिज घरघरला, थांबला.
पावाबरोबर आलं, ती म्हणाली, आणि पावानेच पुसायचं?
राहू दे तसंच.

निम्म्या किमतीचा चेक झाला. तरी छपराचे पैसे निघाले,
तिच्या दातांचेही.
वेंडेल उठला, तशी ती म्हणाली,
आणि दोन डॉलर.
तो हसला. ती हसली नाही.
त्याचं येणं आहे आमच्याकडे, तुम्ही त्याला नेताय.

खिशात सुटे नव्हते. तो गाडीपर्यंत गेला,
आसनाखाली, पुढच्या कप्प्यात शोधलं,
आठ क्वार्टर आणून टेबलावर मांडले
एकेक करून, आवाज होऊ न देता.
पावती मागितली नाही.

सोमवारी मी खळगा भरला.
सिमेंटचा लगदा, अर्धा डबा, वर पत्र्याने सारखा केला.
लोरेटा अनवाणी आली, चुलीपाशी उभी राहिली,
पाय इकडे तिकडे टेकवून पाहिले.
जरा उंच वाटतंय, म्हणाली.

पातळी लावून दाखवली तिला. बुडबुडा मधोमध होता.
तरी, म्हणाली.